जुना पार्ट विकण्याआधी ओळखायचा कसा: आधी नंबर, मग माप, मग नाव

मागच्या दिवाळीच्या आधी मी स्वतः एक टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पार्ट) चुकीचा विकला. स्विफ्ट डिझेलचा म्हणून आलेला, मी पण तसंच लिहून टाकलं. घेणारा पिंपळगाव बसवंतचा, त्याची एर्टिगा. त्याने विचारलं, "दोन्हीचं इंजिन १.३ डिझेलच ना दादा?" मी म्हटलं हो. आता इंजिन एकच हे खोटं नाही, तेच १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट, पण स्विफ्टमध्ये ते ७५ पीएसचं आणि टर्बो साधा, एर्टिगात ९० पीएसचं आणि टर्बो व्हीजीटी, म्हणजे आतली पाती हलणारा. तिकडे मेकॅनिकने गाडी खोलून ठेवली आणि टर्बो काही बसेना. पार्टचे पैसे परत, वर मजुरी, वर ट्रान्सपोर्टचं भाडं, सगळं माझ्या अंगावर.

चूक काय झाली तर मी पार्टला गाडीचं नाव दिलं. आमच्या नाशकात द्वारकापासून आडगाव नाक्यापर्यंत कुणालाही विचारा, माल परत येण्याचं मोठं कारण हेच निघतं. पार्ट खराब होता म्हणून नाही, पार्ट दुसराच होता म्हणून. तर खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने करा, क्रम बदलला की काम दुप्पट होतं.

टप्पा १: हत्यारं आधी गोळा करा

फार काही लागत नाही, पण जे लागतं ते हाताशी पाहिजे, नाहीतर "नंतर मोजू" म्हणत पार्ट रॅकवर जातो आणि मग तो नंतर कधी येत नाही.

व्हर्निअर कॅलिपर, डिजिटल असेल तर बरं. थ्रेड मोजायचा पिच गेज. छोटी टॉर्च. पांढरा खडू, शाळेतला साधा. मल्टिमीटर. चुंबक. ऑइल पेंट मार्कर, जो डिझेलने पुसला जात नाही. तारेने बांधायचे टॅग, झिप लॉक पिशव्या आणि एक जाड रजिस्टर. मोबाइल तर आहेच.

रजिस्टर कागदी ठेवा असं मी सांगतो त्यावर पोरं हसतात, पण ऑइलच्या हातांनी मोबाइलमध्ये कुणी एंट्री करत नाही हा माझा अनुभव आहे.

टप्पा २: माल कुठून आला ते लिहा, पार्टला हात लावायच्या आधी

हा टप्पा लोक शेवटी ठेवतात किंवा ठेवतच नाहीत. आधी करा. कारण मालाचा उगमच संशयाचा असेल तर पुढची ओळखपरेड करून उपयोग काय.

देणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची झेरॉक्स, गाडीचा नंबर, आरसीची कॉपी, तारीख. गाडी स्क्रॅप झाली म्हणतात तर आरसी रद्द झाल्याचा कागद मागा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली रजिस्ट्रेशन रद्द होतं, त्याचा कागद मालकाकडे असायला पाहिजे. गाडी एमएच-१५ असो नाहीतर मालेगावची एमएच-४१, एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की मॉडेल, इंधन, रजिस्ट्रेशनची तारीख एवढं तरी दिसतं. देणारा म्हणतो २०१६ची आणि ॲप म्हणतं २०१२ची, तर तिथेच बोलणं थांबवा. गाडी चोरीची नोंदलेली आहे का हे एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) साइटवरही तपासता येतं, त्याला चेसिस आणि इंजिन नंबर लागतो.

> थांबा: इंजिन किंवा चेसिसवरचा नंबर घासलेला, वेल्डिंग केलेला, परत ठोकलेला वाटला तर माल घेऊ नका. स्वस्त मिळतोय म्हणून तर अजिबात नको. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं किंवा जवळ ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलीस आले की "मला काय माहीत" म्हणताना हातात कागद पाहिजे.

मारुती ईकोचे सायलेन्सर चोरीला जातात हे पेपरात वाचलं असेलच, आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं म्हणून. सुटा ईकोचा सायलेन्सर घेऊन कुणी रिक्षातून आला तर मी चहा पाजतो आणि परत पाठवतो.

टप्पा ३: धुवायच्या आधी फोटो

नव्या पोरांची सगळ्यात मोठी चूक ही. पार्ट आला की पहिलं काम डिझेलमध्ये बुडवणं आणि तारेचा ब्रश मारणं. पार्ट चकाचक होतो आणि ओळख पाण्यात जाते. कारण कित्येक पार्टवर नंबर ठोकलेला नसतोच, तो स्टिकरवर असतो, शाईचा शिक्का असतो, किंवा असेंब्ली लाइनवर पेंटचा ठिपका मारलेला असतो. थिनरने शाई एका फटक्यात जाते. ईसीएम (इंजिनचा कंप्युटर, यालाच ईसीयू पण म्हणतात), एबीएस मॉड्यूल, अल्टरनेटर यांचे स्टिकर आधीच गरम-थंड होऊन सुकलेले असतात, पाणी लागलं की सोलतात.

सहा बाजूंनी सहा फोटो काढा. त्याशिवाय कनेक्टरचा जवळून एक, स्टिकरचा एक, फिटिंगच्या भोकांचा एक. एका तरी फोटोत पट्टी किंवा व्हर्निअर शेजारी ठेवा म्हणजे आकार कळतो, १० रुपयांचं नाणं ठेवलं तरी चालेल.

मगच धुवा, आणि तेसुद्धा स्टिकर सोडून. अॅल्युमिनियमचा पार्ट कॉस्टिकच्या पाण्यात टाकायचा नाही, काही भंगारवाले सर्रास टाकतात, अॅल्युमिनियम काळं पडतं आणि कॉस्टिक ते खातं, मग उठावाचे बारीक आकडे पण जातात. रॉकेल किंवा डिझेल, मऊ ब्रश, कापड, बास.

टप्पा ४: डावा का उजवा, आत्ताच ठरवा

ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोर बघायचं, उजव्या हाताला ती ड्रायव्हर साइड, डाव्या हाताला क्लीनर साइड. गाडीसमोर उभं राहून डावा-उजवा सांगितला की उलटं होतं आणि हेडलाइट, आरसा, अॅक्सल, ब्रेक कॅलिपर सगळे उलटे विकले जातात. रजिस्टरमध्ये "डावा" असं लिहूच नका, "क्लीनर साइड" लिहा, त्यात गोंधळ होत नाही. पार्टवर एलएच आणि आरएच असं उठून आलेलं असेल तर प्रश्नच मिटला, एलएच म्हणजे आपली क्लीनर साइड.

ब्रेक कॅलिपरला एक सोपी खूण आहे, गाडीवर बसवल्यावर हवा काढायचा निप्पल वरच्या बाजूला येतो. खाली आला तर कॅलिपर दुसऱ्या बाजूचा.

टप्पा ५: नंबर शोधा

इथे वेळ घाला. घाई नको. एका पार्टवर तीन-चार नंबर असतात आणि त्यातला चुकीचा उचलला की सगळं चुकतं.

पहिला, कास्टिंग नंबर. ओतकामातूनच उठून आलेला, जाडजूड, खडबडीत. हा सहज दिसतो म्हणून सगळे हाच लिहितात, आणि हाच फसवतो. एकाच ओतकामातून वेगवेगळी भोकं पाडून, वेगवेगळं मशिनिंग करून दोन-तीन वेगळे पार्ट निघू शकतात. कास्टिंग नंबर जुळला म्हणजे पार्ट जुळला असं नाही. रजिस्टरमध्ये लिहा जरूर, पण वेगळ्या रकान्यात.

दुसरा, गाडी कंपनीचा पार्ट नंबर. ठोकलेला, लेझरने कोरलेला किंवा स्टिकरवर. आपल्याला हवा असतो तो हा.

तिसरा, पार्ट बनवणाऱ्याचा नंबर. म्हणजे लुकास टीव्हीएस, बॉश, डेन्सो, सुब्रोस, व्हॅलिओ, लुमॅक्स असल्या कंपन्यांचा स्वतःचा. गाडी कंपनीचा नंबर गेला असेल तर हा कामाला येतो, कित्येकदा जास्तच कामाला येतो, कारण तोच अल्टरनेटर तीन गाड्यांत गेलेला असला तर ते यातूनच कळतं.

चौथा, तारीख, बॅच, शिफ्ट, मोल्डचा आकडा. याचा पार्टच्या ओळखीशी संबंध नाही पण वय कळतं. प्लास्टिकच्या पार्टला आतून बघा, छोट्या घड्याळासारखा गोल शिक्का असतो, कडेने १ ते १२ आकडे, मध्ये बाण आणि वर्षाचे दोन आकडे. बाण ज्या आकड्याकडे तो महिना. त्याच्याच आसपास पीपी किंवा एबीएस असं कंसासारख्या खुणांमध्ये लिहिलेलं असतं, ते प्लास्टिकची जात आहे. मागे एक जण तोच पार्ट नंबर समजून माझ्याशी भांडत होता, असो.

नंबर दिसत नसेल तर:

१. टॉर्च सरळ मारू नका, आडवी धरा, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून. सावली पडली की आकडे उठतात.

२. खडू आडवा घासा आणि बोटाने हलकेच पुसा. ठोकलेल्या आकड्यात खडू राहतो, बाकीचा जातो. उठावाचे आकडे असतील तर उलटं, आकड्यांवर खडू बसतो.

३. तरी नाही तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा, लहानपणी नाण्यावर करायचो तसं.

४. बघितलेल्या जागा परत बघा. अल्टरनेटरचा मागचा भाग, स्टार्टरची बॉडी, हेडलाइटची वरची पट्टी जी बॉनेटखाली लपते, आरशाच्या आतली बाजू काच काढल्यावर, डिस्कच्या मधल्या टोपीची कड, अॅक्सलच्या मधल्या दांड्यावरचा स्टिकर.

> तपासा: नंबर तुम्ही वाचलात तो दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. ८ आणि बी, ५ आणि एस, ० आणि डी, १ आणि ७, यात रोज चुका होतात. माझ्याकडे बायको वाचते, तिला पार्टमधलं काही कळत नाही म्हणूनच ती जे दिसतं तेच वाचते, आपण जे असायला पाहिजे ते वाचतो.

टप्पा ६: नंबर फोडा

नंबर मिळाला म्हणून लगेच सर्चमध्ये टाकू नका, आधी तो काय सांगतोय ते बघा. कारण कंपन्यांचे नंबर उगाच दिलेले नसतात.

मारुतीचा नंबर म्हणजे आधी पाच आकडे, मग एम, मग पुन्हा पाच. पहिले पाच सांगतात पार्ट कसला आहे, एमनंतरचे तीन मॉडेलचा कोड आणि शेवटचे दोन व्हर्जन. म्हणजे दोन पार्टचे पहिले पाच सारखे आणि मधले तीन वेगळे असतील तर पार्ट एकाच जातीचे पण गाडी वेगळी. बसेलच असं नाही. शेवटचे दोनच वेगळे असतील तर बरेचदा बसतो, पण कनेक्टर बघून घ्या.

ह्युंदाईचंही पाच अधिक पाच. ५८१०१ दिसलं की पुढचे ब्रेक पॅड. ९२१०१ म्हणजे क्लीनर साइडचा हेडलाइट, ९२१०२ ड्रायव्हर साइडचा. टेललाइट तसाच ९२४०१ आणि ९२४०२. एवढे चार पाठ केले तरी टप्पा ४ ची पडताळणी आपोआप होते.

टोयोटाचे पण पाच-पाच, ०४४६५ ने सुरू होणारे पुढचे ब्रेक पॅड. होंडाचा साचा पाच-तीन-तीन, मधली तीन अक्षरं मॉडेलची, मोटरसायकल असो वा कार. जुन्या हिरोच्या गाड्यांनाही हाच साचा, कारण त्या होंडाबरोबरच्या काळातल्या. टाटाचा नंबर १२ आकडी, चार-चार-चार असा वाचायचा, पहिले चार मॉडेल किंवा अॅग्रीगेटचे (इंजिन, गिअरबॉक्ससारखा मोठा भाग).

बॉशबद्दल जरा जास्त, कारण मायको (बॉशचं भारतातलं जुनं नाव) सर्कलच्या गावात राहून बॉशचा नंबर वाचता येत नाही हे बरं दिसत नाही. नंबर दहा आकडी असतो. ०४४५११० ने सुरू झाला तर कॉमन रेल इंजेक्टर, ०४४५०१० ने असेल तर कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप. ०१२४ अल्टरनेटर, ०००१ स्टार्टर. ०२८१ डिझेलच्या ईसीयू-सेन्सरचा, ०२६१ पेट्रोलच्या. एफ ००२ ने सुरू होणारे बरेचसे भारतात बनलेले. म्हणजे डब्यावर कुणी "पेट्रोल ईसीयू" लिहून आणला आणि नंबर ०२८१ असला की समजायचं.

इंजेक्टरच्या डोक्यावर नंबराशिवाय अक्षर-आकड्यांचा अजून एक छोटा कोड असतो. तो पार्ट नंबर नाही, तो त्या एका इंजेक्टरचा स्वतःचा करेक्शन कोड, बसवल्यावर स्कॅनरने ईसीयूमध्ये टाकावा लागतो. चारही इंजेक्टरचे चार कोड वेगळे. धुताना तो घालवलात तर इंजेक्टर चांगला असूनही घेणारा शिव्या घालणार. आधी फोटो.

अजून एक भानगड म्हणजे बदललेले नंबर. कंपनी जुना नंबर बंद करून त्याच पार्टला नवा देते. त्यामुळे दोन वेगळ्या नंबरचे पार्ट एकच असू शकतात. हे अंदाजाने ठरवू नका, डीलरच्या पार्ट काउंटरवर ओळख ठेवा, तो जुना नंबर टाकून आत्ताचा सांगतो. मुंबई नाक्याच्या अलीकडे-पलीकडे इतकी काउंटरं आहेत, एक तरी माणूस आपला पाहिजे. दुपारच्या जेवणानंतर जा, सकाळी त्यांना डोकं वर करायला वेळ नसतो.

टप्पा ७: नंबरच नाही, तर मोजा

असं होतंच. गंजलेला, घासलेला, स्टिकर गेलेला. अशा वेळी पार्टचं नाव अंदाजाने ठेवण्यापेक्षा माप लिहून विकलेलं बरं.

बेअरिंग सगळ्यात सोपं. कडेवर ६२०३ लिहिलंय तर शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे. ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचने गुणायचं, ०४ म्हणजे २० मिमी. ६२०३ चं पूर्ण माप १७ बाय ४० बाय १२. आकडे पूर्ण गेले असतील तर तीन मापं घ्या, आतलं, बाहेरचं, जाडी, आणि तेवढ्यावरून दुकानदार नंबर सांगतो. मागे झेडझेड असेल तर पत्र्याचं झाकण, २आरएस असेल तर रबराचं, सी३ म्हणजे आतली सैलता जास्त. सी३ च्या जागी साधं चालतं असं सांगून विकू नका. ऑइल सीलवर तर मापंच छापलेली असतात.

अॅलॉय व्हीलला पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, मोजायचा असतो. चार भोकांचं असेल तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत, झालं. पाच भोकांना समोर भोकच नसतं म्हणून सगळे गोंधळतात. त्यात एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंत मध्य ते मध्य मोजा आणि ०.९५१ ने भागा. १०८.७ मिमी आलं तर ११४.३, म्हणजे क्रेटावाला पीसीडी. ९५.१ आलं तर १००. सोबत मधलं मोठं भोक पण मोजा आणि मागे कोरलेला ईटीचा (ऑफसेटचा, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं त्याचा) आकडा लिहा. पीसीडी जुळून ईटी न जुळल्याने टायर फेंडरला घासल्याच्या तक्रारी कमी नाहीत.

अल्टरनेटर आणि स्टार्टर: १२ व्होल्ट का २४, हे आधी. आडगावच्या ट्रक टर्मिनलकडून आलेला माल आणि कारचा माल एकाच ढिगात पडला की इथे चूक होते, ट्रकचा बहुतेक २४ व्होल्ट. मग अल्टरनेटरचे अँपिअर, पुलीच्या रेघा किती, बोल्ट लावायचे कान किती आणि कसे. स्टार्टरचे पिनियनचे दात मोजा, फिरण्याची दिशा लिहा.

अॅक्सलला दोन्ही टोकांचे दात मोजा, लांबी घ्या, एबीएसची रिंग आहे का बघा. क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास आणि मधले दात. सेन्सरला पिना मोजा, क्रँक सेन्सर दोन पिनांचा आणि तीन पिनांचा बाहेरून भाऊ-भाऊ दिसतात आणि आतून वेगळ्या तत्त्वावर चालतात.

> तपासा: प्रत्येक माप दोनदा, व्हर्निअर शून्यावर आणून. पहिलं आणि दुसरं वेगळं आलं तर तिसऱ्यांदा. सरासरी काढायची नाही.

टप्पा ८: वर्ष ठरवा

"स्प्लेंडरचा" एवढं पुरत नाही, कधीची स्प्लेंडर ते लागतं. काही तारखा लक्षात ठेवल्या की निम्मं काम होतं.

एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट सतत चालू, त्यामुळे हेडलाइटचं चालू-बंद बटण असलेला स्विच सेट त्याआधीच्या गाडीचा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस (एका लिव्हरने दोन्ही ब्रेक) किंवा एबीएस, म्हणून त्यानंतरचा ब्रेकचा लिव्हर, केबल, ड्रमचा सेट जुन्याला परस्पर चालेल असं धरू नका. १ एप्रिल २०२० ला बीएस६ आलं, स्प्लेंडर-ॲक्टिव्हाचा कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. तिथून पुढे वायरिंग, टाकीतला पंप, सायलेन्सर सगळं वेगळं.

गाडीचा व्हीआयएन, म्हणजे चेसिस नंबर, हाताशी असेल तर तो १७ अक्षरांचा, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. कुणी ओ वाचला तर तो शून्य आहे. सुरुवात एमए३ ने असेल तर मारुती, एमएएल ह्युंदाई, एमएटी टाटा, एमए१ महिंद्रा. दहावं अक्षर सहसा वर्षाचं: जे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१. सगळ्या कंपन्या तसंच पाळतात असं नाही म्हणून आरसीशी ताडून बघा.

टायरला चार आकडी शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तो शिक्का बरेचदा एकाच बाजूला असतो, दिसला नाही तर टायर उलटा करा, "नाहीच आहे" म्हणू नका.

टप्पा ९: कंपनीचा का लोकल

लोकल असेल तर लोकल म्हणून विका, त्यात कमीपणा काही नाही, पण कंपनीचा म्हणून विकलात तर नाव जातं. डब्यावर विश्वास ठेवू नका, कंपनीच्या रिकाम्या डब्यांनासुद्धा गिऱ्हाईक असतं हे भंगारात बसणाऱ्याला सांगायला नको. हेडलाइटला लुमॅक्स, फिएम असं बनवणाऱ्याचं नाव आतल्या भागावर उठलेलं असतं. काचेला आयएसआयचा शिक्का आणि आयएस २५५३ असतो, गाडीच्या सगळ्या काचांचा शिक्का सारखा आणि एकाचाच वेगळा म्हणजे ती काच बदललेली. लोकल मालाच्या कडा ओबडधोबड, अक्षरं बसकी, आणि कनेक्टरची कुंडी सैल लागते. शेवटची खूण हाताला कळते, लिहून सांगता येत नाही.

टप्पा १०: विकायचं नाही ते बाजूला काढा

एअरबॅग आणि ओढले गेलेले सीटबेल्ट विकायचे नाहीत. एअरबॅगला मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावून "चालू आहे का" बघणारे मी पाहिलेत, ती फुटू शकते, तीही तोंडावर. सीएनजीचा सिलेंडर कागद आणि टेस्टची प्लेट नसेल तर नाही, त्याची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) लागते.

ब्रेक डिस्कच्या कडेला मिनिमम जाडी कोरलेली असते. व्हर्निअर लावा, त्याच्या खाली गेली असेल तर ती डिस्क नाही, भंगार आहे, किलोवर द्या. हाच माल उद्या कसारा घाट उतरणाऱ्या पिकअपला लागणार असतो. ड्रमला उलटं, त्याच्यावर कमाल व्यास असतो.

ईसीएम, मीटर, इमोबिलायझर (खरी किल्ली नसेल तर गाडी चालू न होऊ देणारा), काही म्युझिक सिस्टिम हे नंबर जुळूनही चालत नाहीत, किल्ली नाहीतर कोड लागतो. किल्ली आणि सेट एकत्रच ठेवा, आणि "कोडिंग लागेल" असं लिहूनच विका. पूर्ण इंजिन देताना आरसीची कॉपी सोबत द्या, घेणाऱ्याला इंजिन बदलाची नोंद आरटीओत करावी लागते हेही सांगा.

टप्पा ११: टॅग आणि जाहिरात

टॅगवर या क्रमाने: पार्ट नंबर, बनवणाऱ्याचा नंबर, साइड, वर्ष, माप, आणि सगळ्यात शेवटी गाडीचं नाव. गाडीच्या नावापुढे "मधून काढला" लिहा, "चा" लिहू नका. "स्विफ्ट २०१३ मधून काढला" आणि "स्विफ्टचा" यात माझ्या त्या टर्बोएवढा फरक आहे.

पार्टवर ऑइल पेंटने छोटी खूण करा, न दिसेल अशी, जागा रजिस्टरमध्ये लिहा. परत आलेला माल आपलाच आहे का हे यावरून कळतं. आपला चांगला पार्ट ठेवून घेऊन स्वतःचा मेलेला परत देणारे असतात, सगळे नाही, पण असतात.

फोनवर गिऱ्हाईक म्हणालं "माझ्या गाडीला बसेल ना", तर हो किंवा नाही काहीच म्हणू नका. त्याच्या जुन्या पार्टचा फोटो मागवा, नंबरचा आणि कनेक्टरचा. तो म्हणेल गाडी निफाडला उभी आहे, मेकॅनिक जेवायला गेलाय, तुम्ही पाठवा तर खरं. मेकॅनिक जेवून येऊ द्या. दोन्ही फोटो शेजारी ठेवून जुळले की मगच खोक्याला टेप मारा, आणि पावसाळा असेल तर पार्टला आधी ऑइलचा हात, मग प्लास्टिक, मग पुठ्ठा, आणि टॅगचा दुसरा फोटो खोकं बंद करण्याआधी.